सुखान्त नक्की कोणाचा?

साशंक : कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांबद्दल हरकत घेतली, की समोरचा धरूनच चालतो की आता अश्लीलतेचा पाढा सुरू होणार. तो वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला आणि अखेर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. समरेश बसूंच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीच्या खटल्यात, १९८५ मध्ये, न्यायालय आणखी पुढे गेलं. लैंगिकतेचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक कुमारांसाठी वर्ज्य ठरवायचं झालं, तर त्या मुलांना धार्मिक ग्रंथांशिवाय काही वाचताच येणार नाही, असा त्याचा रोख होता. मला तो पटतो. माझी हरकत आहे ती हमीवर. प्रेमकादंबरी हा प्रकार वाचकाला पहिल्या पानाआधीच एक शब्द देऊन बसतो : शेवट गोड होणार. संसाराचे टक्केटोणपे खाल्लेल्या माणसाला ही हमी म्हणजे घटकाभराची विश्रांती. पण ज्या मुलीच्या वाट्याला अजून काहीच आलेलं नाही, तिला ती जगाची पहिली ओळख वाटते. आणि हमीच्या पोटात काय काय खपवलं जातं ते पाहा. २००५च्या ‘ट्वायलाइट’मध्ये नायक रात्री नायिकेच्या खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो आणि ते प्रेमाचं लक्षण ठरतं. वॉटपॅड या संकेतस्थळावर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘आफ्टर’मध्ये नायक नायिकेच्या कौमार्यावर पैज लावतो आणि तरीही पुढचे कित्येक भाग आपण त्या दोघांनी एकत्र यावं म्हणून पानं उलटतो. शेवट गोडच होणार हे ठाऊक असलं, की मधला प्रत्येक अपमान वाचक उधारीवर सोसतो.

समर्थक : सगळ्या प्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि साक्षीला ‘आफ्टर’ आणायची, हे सोयीचं आहे. मी रेनबो रॉवेलची ‘एलेनॉर अँड पार्क’ आणते. काळ १९८६, गाव अमेरिकेतलं ओमाहा. शाळेच्या बसमध्ये पार्कच्या शेजारी एक जाडसर, विचित्र कपड्यांतली नवी मुलगी बसते. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पार्क कॉमिक वाचत असतो आणि त्याच्या लक्षात येतं की ती तिरक्या नजरेने त्याच्याच मांडीवरचं कॉमिक वाचतेय. तो काही म्हणत नाही. फक्त अंक जरा जास्त उघडून धरतो आणि पान उलटायला उशीर लावतो. दुसऱ्याचा वाचण्याचा वेग ओळखून आपला कमी करणं, याहून स्वच्छ प्रेमाचा धडा मला सांगता येणार नाही. याच मुलीच्या घरात सावत्र बापाचा धाक आहे आणि न्हाणीघराला दारच नाही. ती दाराची जागा कादंबरी विसरू देत नाही. जेनी हानच्या ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’मध्ये लारा जीन आणि पीटर प्रेमाचं नाटक करायचं ठरवतात, तेव्हा कोणी काय करायचं आणि काय नाही हे चक्क कागदावर लिहून काढतात. पुढे खरं प्रेम होतं, पण आधी अटी बोलून घेतलेल्या असतात. परवानगी मागणं, नकार ऐकून घेणं, आपल्याला काय नको ते शब्दांत सांगता येणं, हे आपल्याकडे ना शाळा शिकवते ना घर. ही पुस्तकं शिकवतात. शिवाय वाचक तुम्ही समजता तितका भोळा नसतो. जॅनिस रॅडवे यांनी १९८४च्या ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांनाच विचारलं. त्या बायकांच्या लेखी वाचणं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचं करताना स्वतःसाठी काढलेला वेळ होता. कोणती नायिका बावळट आणि कोणता नायक नुसता दांडगट, हे त्यांना बरोबर कळत होतं.

साशंक : रॅडवे आणलीत ते बरं केलंत, कारण ती अर्धीच आणलीत. तिच्या त्या वाचक बहुतेक लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या होत्या. त्यांना पुस्तकाच्या बाहेरचा नवरा माहीत होता, म्हणून पुस्तकातल्याशी ताडून पाहता येत होतं. पंधरा वर्षांच्या मुलीकडे ताडून पाहायला काय आहे? आणि रॅडवेचा निष्कर्षही तुम्ही म्हणता तितका आनंदी नाही. नायकाच्या तुसडेपणाखाली दडलेला मायेचा झरा शोधायची सवय ही पुस्तकं लावतात आणि वाचून झाल्यावर बाई त्याच घरात, त्याच वागणुकीकडे अधिक समजूतदारपणे परत जाते, हेही तिने लिहिलं. एलेनॉरबद्दल मी वाद घालणार नाही, पण एक विचारतो. ती कादंबरी कशी संपते? दोघांना एकमेकांपासून लांब जावं लागतं आणि शेवटी येतं ते एक पोस्टकार्ड, त्यावरचे तीन शब्द लेखिका आपल्याला सांगतही नाही. म्हणजे तुमचं सर्वोत्तम उदाहरण या प्रकाराचा मूळ नियमच मोडतं. चांगली पुस्तकं नियम मोडून चांगली होत असतील, तर दोष नियमात आहे, हेच तर मी म्हणतोय.

समर्थक : की कुमारवयीन प्रेमकादंबरीचा नियमच मुळात वेगळा आहे? प्रौढांच्या प्रेमकादंबरीचा सुखान्त म्हणजे जोडी टिकणं. कुमारांच्या बाबतीत हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच उलटा करून झालाय. ज्युडी ब्लूमची ‘फॉरएव्हर’ १९७५ची. ती लिहिण्यामागचं कारण तिने अनेकदा सांगितलंय. तिच्या मुलीला अशी गोष्ट हवी होती की ज्यात दोन चांगली मुलं प्रेमात पडतात, शरीरानेही जवळ येतात आणि त्यापायी कोणाला मरावं लागत नाही. तोवर अशा पुस्तकांत मुलीने पाऊल टाकलं, की पुढे गर्भ, बेअब्रू किंवा मृत्यू ठरलेला. ब्लूमची कॅथरिन मायकेलच्या प्रेमात पडते, स्वतः दवाखान्यात जाऊन गर्भनिरोधक गोळ्यांची माहिती घेते. आजी तिला त्याच विषयावरची पत्रकं पाठवते. आणि शेवटी? उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एका शिबिरात कामाला जाते, तिथे तिला दुसरा मुलगा आवडू लागतो, मायकेलशी नातं संपतं. नाव ‘कायमचं’ आणि गोष्ट संपण्याची. मुलगी मात्र धडधाकट, पुढे शिकायला निघालेली. हा सुखान्त आहे, पण जोडीचा नाही, तिचा आहे. म्हणूनच हे पुस्तक लोकांना इतकं खुपतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने सगळ्या सरकारी शाळांतून जी तेरा पुस्तकं एकदम काढली, त्यात जवळपास पन्नाशीची ‘फॉरएव्हर’ होती. यात मुलगी वाया जाते असं कोणालाच दाखवता आलं नसतं. ती वाया जात नाही, हेच खुपलं असावं.

साशंक : जोडीचा सुखान्त आणि मुलीचा सुखान्त, हा फरक मी मान्य करतो आणि माझी पहिली हरकत तेवढी आखडती घेतो. पण तुम्हीच सांगितलेल्या प्रसंगात नीट पाहा. कॅथरिनला जाता येईल असा दवाखाना आहे. तिथली बाई तिला पोलिसांची भीती घालत नाही. घरात पत्रकं पाठवणारी आजी आहे. ब्लूमची कादंबरी मुलीला शिक्षा करत नाही, कारण तिच्याभोवतीच्या समाजाने शिक्षा न करण्याची थोडीबहुत सोय आधीच केलेली होती. आता हेच पुस्तक नाशिकच्या किंवा नागपूरच्या मुलीच्या हाती द्या. इथे २०१२चा पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला कायद्याच्या लेखी किंमत नाही. तिच्या बरोबरीच्या मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि डॉक्टरवरही खबर देण्याचं बंधन आहे. २०२३ मध्ये विधी आयोगाने संमतीचं वय खाली आणू नये असं सांगितलं. सोळा ते अठरा वयातल्या संमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत थोडी मोकळीक असावी, एवढीच वाट ठेवली. पालक मुलीच्या प्रेमाविरुद्ध हाच कायदा हत्यार म्हणून वापरतात, हे वकिलांना आणि न्यायालयांना चांगलं ठाऊक आहे. म्हणजे ओमाहातल्या मुलीला अडवतो तिचा संकोच आणि तिचा सावत्र बाप. इथल्या मुलीला अडवतं ते मुलाचं आडनाव. परदेशी कादंबरी मनातले अडथळे कसे ओलांडायचे ते शिकवते आणि वाचणारीसमोर उभे असतात दारातले. तिच्या हातात दुसऱ्याच गावचा नकाशा पडतो.

समर्थक : मग उपाय आपल्या गावचा नकाशा काढण्याचा की नकाशे बंद करण्याचा? तुम्ही जे वर्णन केलंत, त्यातून पुस्तकं जास्त झाल्याचं सिद्ध होत नाही, कमी असल्याचं होतं. मराठीत पाहा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, फास्टर फेणेने चोरांच्या टोळ्या पकडल्या, पण पंधराव्या वर्षी कोणी आवडू लागलं तर काय होतं, यावर त्या वयासाठी लिहिलेलं किती सापडतं? प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, मिलिंद बोकीलांची २००४ची ‘शाळा’ आहे. दोन्ही अस्सल. पण दोन्ही जाणत्या पुरुषांनी मागे वळून पाहत लिहिलेल्या, दोन्ही मुलाच्या डोळ्यांतून. ‘शाळा’तली शिरोडकर मुकुंद जोशीला दिसते, त्याच्याशी बोलते, त्याची झोप उडवते. तिला काय वाटतं हे मात्र शेवटपर्यंत आपल्याला त्याच्याच अंदाजाने कळतं. त्या वर्गातल्या मुलींच्या बाकावरून तीच गोष्ट कोणी सांगितली आहे का? इंग्रजी वाचणाऱ्या मुलीची सोय होते. तिला बंगळुरूतल्या मुस्लिम वस्तीत घडणारी अंदलीब वाजिदची ‘अस्माराज समर’ मिळते. संध्या मेननची ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ मिळते. तिच्यात घरच्यांनी परस्पर योजलेला मुलगा पहिल्याच भेटीत भावी बायको म्हणून हाक मारतो, तेव्हा डिंपल हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते आणि तरीही पुढे त्याला नव्याने, आपल्या अटींवर ओळखून घेते. मराठी माध्यमातल्या मुलीच्या वाट्याला काय? सिनेमा आणि रील्स. पुस्तक नाही म्हणून गोष्ट थांबत नाही, ती फक्त आणखी ढोबळ होऊन पोचते.

साशंक : ‘शाळा’त मुलीचा आवाज नाही, हे खरं. पण तिची ताकद कशात आहे? ती कोणत्याही वयोगटासाठी म्हणून लिहिलेली नाही. तिच्यात आणीबाणी आहे, शाळेतली हुकूमशाही आहे, चाळीतली माणसं आहेत आणि या सगळ्याच्या मधोमध एक प्रेम आहे. ‘पंधरा वर्षांच्या मुलींसाठी प्रेमकादंबरी’ अशी मागणी नोंदवून जे मिळेल, ते एक तर समुपदेशनाचं पत्रक असेल किंवा लेबलं चिकटवलेला माल. तिकडच्या बाजारात आधी शत्रू मग प्रियकर, खोटं प्रेम मग खरं, असे साचे पाहूनच पुस्तक उचललं जातं. आपल्याकडे टिकटॉक २०२० मध्ये बंद झालं, साचे मात्र इन्स्टाग्रामवरून सुखरूप पोचले. त्या मांडणीत कुमारांचं आणि मोठ्यांचं असा भेदही राहत नाही. कॉलीन हूवरची ‘इट एंड्स विथ अस’ ही नवऱ्याच्या मारहाणीबद्दलची, मोठ्यांची कादंबरी शाळकरी मुली प्रेमकथा म्हणून वाचतात. आणि या सगळ्याहून मोठी अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या कुमारवयीन प्रेमाबद्दल खरं बोललं गेलं ते ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या चित्रपटांत. जब्या शालूकडे पाहतो आणि तिच्याच देखत त्याला डुकरं पकडावी लागतात. परशा आणि आर्ची हैदराबादला पळतात, संसार मांडतात आणि माहेरची माणसं येऊन त्यांना मारून जातात. इथली प्रेमकादंबरी गोड शेवटाची हमी देणार असेल, तर तिला एक तर आडनावं लपवावी लागतील किंवा खोटं बोलावं लागेल.

समर्थक : ‘सैराट’ आपण दोघंही मानतो, म्हणून त्यावरच बोलू. लोकांच्या लक्षात काय राहिलं? पूर्वार्धातली गाणी आणि शेवटची ती रक्ताळलेली पावलं. मधला भाग कोणी आठवत नाही. हैदराबादच्या झोपडीत आर्चीला उग्र वास सहन होत नाही, परशा डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. मग त्याला संशय येतो, तो तिच्यावर हात उचलतो, ती निघून जाते आणि विचार करून परत येते. माझ्या दृष्टीने तो चित्रपटाचा गाभा आहे : जग मारायला येण्याआधीच, आपल्या प्रियकराच्या हाताशी तिला झगडावं लागतं. यावर दोनशे पानं कोणी लिहिली, तर तुमच्या पहिल्या आक्षेपाला तेच उत्तर होईल, कारण तिथे अपमान उधारीवर खपत नाही, त्याचा हिशेब मागितला जातो. आता शेवटाकडे या. तो शेवट निषेध म्हणून आहे, हे तुम्हाला-मला कळतं. पण आडनावाच्या चुकीच्या बाजूला जन्मलेल्या मुलाने ही गोष्ट किती वेळा ऐकायची? बातमीत ऐकतो, घरात ऐकतो, पडद्यावरही तेच : प्रेम केलंस तर मरशील. ब्लूमच्या मुलीची तक्रार नेमकी हीच होती. या राज्यात आंतरजातीय लग्नं होतात, टिकतात, सरकार त्यांना अनुदानही देतं. जगलेल्यांची गोष्ट सांगणं म्हणजे खोटं बोलणं कसं?

साशंक : मधल्या भागाबद्दल तुमचं बरोबर आहे. आपल्या चर्चेत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ती. पण जगलेल्यांची गोष्ट सांगायची तर ती पूर्ण सांगावी लागेल आणि पूर्ण सांगितली की ती कुमारांच्या प्रेमकादंबरीत मावत नाही. मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस आधी लागते, म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्यासाठीच ती नावं फलकावर झळकतात. जगलेले जगले ते चिकाटीने, मित्रांच्या आधाराने आणि बऱ्याचदा शहर बदलून. हे सगळं लिहिलं तर ती कादंबरी चांगली होईल, पण तिच्यातला सोळाव्या वर्षाचा भाग चाळीस पानांत संपेल. न लिहिलं तर मी म्हटलेलं खोटेपण उरेलच. आणि वाचणार कोण? घरात कपाटावर दिसणारं पुस्तक आधी आई चाळते. मोबाइलमधलं कोणी चाळत नाही. म्हणजे जे जबाबदारीने लिहिलं जाईल तेच घरात अडवलं जाईल.

समर्थक : घरात अडवली जातील म्हणून चांगली पुस्तकं लिहायचीच नाहीत, असं तुम्हीही म्हणणार नाही. ती शाळेच्या वाचनालयात, एखाद्या बाईंच्या टेबलावर, मैत्रिणीच्या दप्तरातही असू शकतात. सोळाव्या वर्षाचा भाग चाळीस पानांत संपेल, हे मात्र मला मान्य नाही. सोळाव्या वर्षी लग्न हा प्रश्नच नसतो. तेव्हा प्रश्न असतात ते असे : त्याला नाही म्हटलं तर तो वर्गात काय पसरवेल? त्याने मागितलेला फोटो पाठवायचा का? मला तो आवडतो की मी कोणाला तरी आवडते, हेच आवडतं? लारा जीनबद्दल शाळेत खोट्या वावड्या उठतात तेव्हा तिला जे सोसावं लागतं, ते चिपळूणच्या मुलीला समजायला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जावं लागत नाही. तेव्हा माझी कसोटी सांगते. शेवटच्या पानावर मुलीपाशी असं काही आहे का, जे पहिल्या पानावर नव्हतं आणि जे तो मुलगा नव्हे? आणि तिच्या नकाराला पुस्तकात एक पूर्ण प्रसंग मिळालाय का, की तो फक्त त्याच्या जिद्दीची पायरी आहे? या कसोटीला ‘आफ्टर’ लगेच गळते. ‘फॉरएव्हर’ टिकते, एलेनॉरही टिकते. ‘शाळा’ टिकते की नाही, हे सांगता येत नाही, कारण शिरोडकरच्या बाजूने ती लिहिलेलीच नाही.

साशंक : कसोटी चांगली आहे, मी ती घेईन. आता ही पुस्तकं मुलींनी वाचावीत का, हा माझा प्रश्न उरलेला नाही. राहिलेला प्रश्न लेखकाला आहे : प्रेम केल्याबद्दल तुला शिक्षा होणार नाही, असं वचन इथल्या पंधरा वर्षांच्या वाचकाला प्रामाणिकपणे देता येईल का? ब्लूमला ते जवळपास देता आलं. इथे ते देणं लेखकाच्या हातात नाही. ते घराच्या, जातीच्या आणि पोलीस ठाण्याच्या हातात आहे.

समर्थक : जग शिक्षा करणार नाही, असं वचन कोणतीच कादंबरी देत नाही, ब्लूमचीही देत नव्हती. तिचं वचन एवढंच होतं, की गोष्ट सांगणारी तिला शिक्षा करणार नाही, तिच्या प्रेमातून तिचा ऱ्हास ओढूनताणून काढणार नाही. ते मात्र पूर्णपणे लेखकाच्या हातात आहे आणि मराठीत मुलीच्या बाजूने ते फार थोड्यांनी दिलंय.

साशंक : द्यावं, माझी ना नाही. पण गोष्ट सांगणारी क्षमा करते आणि घर करत नाही, तेव्हा या दोहोंतल्या फरकाची किंमत वाचणारी मुलगी मोजते. म्हणून ज्या लेखिकेला ते वचन द्यायचंय, तिला ही किंमतही कादंबरीत दाखवावी लागेल : मुलगी अडचणीत आली तर कोणाकडे जाईल, कोण दार उघडेल, कोण उघडणार नाही. एवढं दाखवूनही ती गोष्ट प्रेमाचीच राहिली, धोक्याची सूचना झाली नाही, तर मी माझा उरलेला आक्षेप मागे घेईन. तसं पुस्तक मला अजून मराठीत भेटायचंय.

समर्थक : मलाही. फरक इतकाच, की ते लिहिलं जाईपर्यंत मुलींनी थांबावं असं तुम्हाला वाटतं, आणि त्या थांबलेल्या नाहीत हे मला दिसतं.